बोलण्यापुरता उजेड

अठ्ठावीस वर्षं तपकीर गल्लीतून माल उचलतोय.
आधी साठचा बल्ब, मग पट्टी, चोक, स्टार्टर,
मग ती वळ्यावळ्यांची, गिऱ्हाईक जिला जिलबी म्हणायचं.
खोलीच्या मधोमध एक, देवापाशी झिरोचा,
मोरीत कुठून तरी काढलेला जुना.
झालं घर.

आता नकाशा येतो. छताचा वेगळा, भिंतीचा वेगळा.
ईशान्या मॅडम म्हणतात, "मुलाणी, दिवा दिसता कामा नये,
उजेड तेवढा दिसला पाहिजे."
मी पीओपीच्या खोबणीत पट्टी लपवतो
आणि उजेड कुठून आला ते न सांगता
भिंतीला टेकून उभा राहतो.
छान दिसतं. खोटं कशाला बोलू.
माझ्या घरी अजून ट्यूबच आहे,
लागायच्या आधी दोनदा विचार करते.

सूस रोडला दातीरांचं काम निघालं.
पाचवा मजला, खिडकीत टेकडी.
नवरा-बायको, दोघांनाही ऐकू येत नाही.
मॅडमनी नेहमीचंच काढलेलं:
सोफ्यामागे झळाळ, खिडकीच्या कडेला झळाळ,
जेवणाच्या टेबलावर लोंबता पितळी टोप.
हेमांगीताईंनी नकाशा पाहिला,
माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली
आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या खोक्यावर लिहिलं,
"मागून उजेड आला की याचा चेहरा काळा.
चेहरा काळा, म्हणजे हा गप्प."
टोपावर काट मारली.
"यात आमटी दिसेल. हात कुठे दिसणार?"

मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि फरशीवर बसल्या.

मग तीन संध्याकाळी
मी हातात दिवा धरून त्या घरात फिरलो,
वर, खाली, कपाटावर, दाराआड,
आणि ते दोघं बोलत राहिले.
एका बोटाची सावली दुसऱ्यावर पडली
की ताई मान हलवायच्या, मी सरकायचो.
कशाबद्दल बोलत होते, कुणास ठाऊक.
एकदा दोघं माझ्याकडे बघून हसले.
माझ्या पोटाबद्दल असावं.

शेवटी उजेड समोरून आला, दोन्ही बाजूंनी, मऊ,
आणि भिंत साधी, निळसर ठेवली,
हातांच्या मागे काही नको म्हणून.
बेल दाबली की तिन्ही खोल्यांत पापणी लवते.
"आणि गुरुवारी महावितरणने लाईट घालवली तर?"
मॅडमनी फोनवर टाईप करून विचारलं.
प्रसन्नरावांनी बायकोचा तळवा उघडला,
त्यावर बोटाने काहीतरी लिहिलं.
ताईंनी त्यांना चापट मारली.
मी बॅटरीचा दिवा कुठे बसवायचा ते बघायला लागलो.

अडलं ते बेडरूमच्या बटणावर.
"माझ्या बाजूला," ताईंनी लिहिलं.
त्यांनी खोडलं. "माझ्या."
पुन्हा खोडलं. खोकं फाटायला आलं.
मग ताईंनीच समजावून सांगितलं, बारीक अक्षरात:
भांडणात जो आधी दिवा मालवतो,
तो जिंकतो. दुसऱ्याला सकाळपर्यंत
एक शब्द बोलता येत नाही.

मी खोक्याची दुसरी बाजू उलटली.
माझं शुद्धलेखन कच्चं, तरी लिहिलं,
"टू-वे टाकतो. जिन्याला असतो तसा.
एकानी मालवला तर दुसऱ्याला लावता येतो."
दोघांनी वाचलं.
बराच वेळ एकमेकांकडे बघत होते.
हात खाली होते,
तरी मला वाटलं, चाललंय काहीतरी.

त्या रात्री घरी मेहरून अंधारात सांगत होती,
गॅसचं, धाकट्याच्या फीचं, तिच्या गुडघ्याचं.
वीस वर्षं मी हे पाठ करून ऐकतो.
उठलो, बटण दाबलं.
"आता काय झालं?"
ट्यूबनं दोनदा विचार केला.
"काही नाही," म्हटलं. "बोल."